रोड बाइकसाठी ५० मिमी उंच (खोल) रिमची कार्बन चाकं घ्यावीत की हलकी अ‍ॅल्युमिनियमची?

तुमच्या प्रश्नात महत्त्वाची माहिती सगळी आलीय: बाइक डिस्क ब्रेकची आहे, सोबत आलेली चाकं जोडीला दोन किलोच्या आसपास भरतात, तुमचं वजन ८८ किलो, स्पर्धेत उतरत नाही, पण लांबच्या राइड करता आणि त्यात चढ असतात. आणि मागच्या चाकाचे स्पोक दोनदा तुटलेत. या शेवटच्या वाक्यावरच माझं उत्तर उभं आहे, कारण मी चाकं स्वतः बांधतो आणि असे तुटके स्पोक माझ्याकडे बरेच येतात.

अ‍ॅल्युमिनियमची घ्या. आतून २१ मिमी किंवा थोडी जास्त रुंद रिम, पुढे २४ आणि मागे २८ स्पोक, साधे वाकड्या मानेचे स्पोक, पितळी निपल (स्पोक रिमला ताणून धरणारे छोटे नट) आणि बेअरिंग सहज बदलता येतील असा हब (चाकाचा मधला भाग). कुणी हाताने बांधून देणारा ओळखीचा असेल तर त्याच्याकडूनच करून घ्या.

स्पोक एका धक्क्याने क्वचितच तुटतो. चाक फिरताना जो स्पोक जमिनीकडे येतो त्याचा ताण तेवढ्यापुरता कमी होतो आणि वर जाताना पुन्हा पूर्ववत होतो. हे प्रत्येक फेऱ्याला होतं. मुळात ताण कमी ठेवलेला असेल तर खाली आलेला स्पोक पार सैल पडतो, पुन्हा ताणला जातो, आणि हबजवळ स्पोक जिथे वाकतो त्या बाकात धातू थकत जातो. मागच्या चाकात हे जास्त होतं. कॅसेटला (मागच्या गिअरच्या चक्रांच्या संचाला) जागा द्यायची म्हणून उजवीकडचे स्पोक जवळजवळ उभे असतात आणि त्यांना घट्ट ताणावं लागतं. मग रिम मध्यावर राहावी यासाठी डाव्या बाजूला त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त ताण देता येतो. त्यात स्पोक कमी, बांधणी घाईची आणि वर ८८ किलो. नुसता आउट काढून, म्हणजे डुलणारं चाक सरळ करून, हे बरं होत नाही. चाक सरळ दिसतं, पण ताण विषमच राहतो.

यावर उपाय आहेत. स्पोकची भोकं एका बाजूला सरकवलेली रिम घेतली की दोन्ही बाजूंच्या ताणातला फरक कमी होतो. टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८ मिमी जाडीचे स्पोक सरसकट जाड स्पोकपेक्षा जास्त टिकतात. ऐकायला उलटं वाटतं, पण मधला बारीक भाग थोडा ताणला जातो, त्यामुळे स्पोक लवकर सैल पडत नाही आणि बाकावरचा भार हलका होतो. पाच-सहा ग्रॅमचा स्पोक निवडताना एवढा विचार करा, कारण चाक त्याच्यावरच उभं असतं.

आता वजन. तुम्ही, बाइक आणि पाण्याच्या बाटल्या मिळून साधारण १०० किलो धरू. चाकांत ४०० ग्रॅम वाचले तर ते एकूण वजनाच्या ०.४ टक्के झाले. एका तासाच्या खड्या चढावर यातून १४-१५ सेकंद वाचतील. ‘फिरणारं वजन दुप्पट मोजावं’ असं सांगतात, पण ते वेग वाढवतानाच खरं. एकसारख्या गतीने चढताना रिममधला ग्रॅम आणि बाटलीतला ग्रॅम सारखाच.

खोल रिमचा फायदा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण त्याचे आकडे सहसा ताशी ४० किमी किंवा त्याहून जास्त वेगाचे असतात. हवेला कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणून ताशी २८ किमीला तीच बचत साधारण एक तृतीयांश उरते. शिवाय हवेच्या विरोधाचा मोठा वाटा चाकांचा नसून तुमच्या शरीराचा असतो. आडवा वारा सुटला की पुढची खोल रिम हॅण्डल ओढते, आणि उतारावर ते मला अजिबात आवडत नाही. वेगवान ग्रुपमध्ये राइड करायला लागलात तर कार्बनचा विचार जरूर करा. डिस्क ब्रेकमुळे रिम तापण्याची भीती तुम्हाला नाही.

रुंदीबद्दल मात्र आग्रह धरा. रुंद रिमवर टायर फुगून बसतो, कमी हवेवर चालतो आणि खराब रस्त्यावर हाताला, कमरेला फरक कळतो. आधी फ्रेममध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ४ मिमी जागा उरते का ते मोजा. टायरची कड पकडणारे हुक नसलेल्या रिम तुम्ही टाळाव्यात असं मला वाटतं. त्यांच्यावर हवेची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय आहे आणि टायरही त्यांना चालणारेच लागतात. तुमच्या वजनाला २८ मिमीच्या टायरमध्ये हवा या मर्यादेच्या अगदी जवळ जाते.

बाकी जुळणी पटकन तपासा. अ‍ॅक्सल १२ मिमीचे, पुढे १०० आणि मागे १४२ मिमी आहेत ना? ब्रेकची डिस्क हबवर सेंटर लॉकने (मधल्या एकाच कड्याने) बसते की सहा बोल्टने? शिमानोच्या ११ गिअरच्या रोड फ्रीहबवर (हबच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्यावर) त्यांची १२ गिअरची रोड कॅसेट बसते, पण स्रॅमच्या १० दात्यांपासून सुरू होणाऱ्या कॅसेटला एक्सडीआर नावाचा वेगळा फ्रीहब लागतो.

आणि सध्याचे टायर जाड, पंक्चररोधक असतील तर चाकांआधी ते बदलून पाहा. चांगल्या टायरांच्या जोडीने दहा-पंधरा वॅट सहज वाचतात. एवढा फरक तुमच्या वेगाला कुठलीही रिम देणार नाही.

चाकं बांधून घेतलीत तर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासून घ्या. डाव्या-उजव्या बाजूंच्या स्पोकची लांबी वेगळी असते, पुढच्या चाकातही. ती बांधणाऱ्याकडून लिहून घ्या आणि प्रत्येक लांबीचे दोन-दोन जादा स्पोक निपलसकट तेव्हाच मागून ठेवा.