इंग्लंडमधलं इतिहास जपलेलं, पण किल्ले-राजवाडे नसलेलं एखादं लहान गाव सुचवाल का?

शेतीशी संबंध असेल तर उत्तम, असंही तुम्ही लिहिलंय. मग नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन बघा. मी नॉटिंगहॅमला राहतो, आलेल्या पाहुण्यांना आवर्जून तिथे नेतो. ते आधी नाक मुरडतात, कारण बघायचं काय, तर शेतं!

पूर्वी इंग्लंडच्या बऱ्याच भागात गावाची जमीन दोन-तीन मोठ्या मोकळ्या शेतांत असायची. प्रत्येकाचे पट्टे त्यांत विखुरलेले, मध्ये कुंपण नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पार्लमेंटच्या कायद्यांनी जवळजवळ सगळीकडे कुंपणं पडली. लॅक्स्टनची वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड मात्र अजून जुन्याच पद्धतीने कसतात: एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसरं पड, आणि दरवर्षी पाळी बदलते. यात कुणाची दूरदृष्टी वगैरे नव्हती. अर्ल मॅन्व्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो या दोन बड्या जमीनदारांचं आपसांत जमेना, म्हणून राहून गेलं.

खरी गंमत बांधाची. नोव्हेंबरच्या शेवटाला गावची ज्युरी, म्हणजे शेतकऱ्यांतलेच पंच, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गहू पेरलेल्या शेतात जाते. पट्ट्यांमधून न नांगरलेल्या गवताळ जागा असतात, त्यांना साइक म्हणतात. कुणी साइकमध्ये किंवा रस्त्यात नांगर घुसवला असेल, तर ज्युरी खरी हद्द पाहून तिथे लाकडी खुंटी ठोकते. आपल्याकडे बांध कोरला की तलाठी, मोजणी, तारखांवर तारखा. इथे आठवड्याभरात डव्हकोट इन या पबमध्ये कोर्ट लीट, म्हणजे गावचं जुनं जमीनदारी कोर्ट, भरतं आणि दंड होतो. रक्कम किरकोळ, पण चारचौघांत नाव निघतं ते जास्त लागत असणार. 1977 साली कायद्याने असल्या जुन्या कोर्टांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनला मुद्दाम वगळलं.

मार्क पीअर्सने 1635 साली काढलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे. हल्लीचे पट्टे त्यातल्यापेक्षा कमी आणि बरेच रुंद आहेत. मालकी 1952 मध्ये सरकारच्या कृषी खात्याकडे गेली, 1981 मध्ये क्राउन इस्टेटकडे (ब्रिटिश राजगादीची मालमत्ता सांभाळणारी संस्था), आणि 2020 मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे फिरून मॅन्व्हर्स घराण्याच्याच इस्टेटीकडे.

स्वतःची गाडी असेल तर बरं. चिखलाचे बूट घ्या आणि पायवाट सोडून पेरलेल्यात शिरू नका.