वाळवंटातल्या बस स्थानकावर हिरवं छत कशाला?

प्रश्न : ताई, मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, आता निवृत्त आहे. गेल्या वर्षी मे-जूनमध्ये लेकीकडे अमेरिकेत, अॅरिझोनातल्या टेंपीला होतो. तिथल्या बस-रेल्वे केंद्राच्या एका छतावर चक्क झुडपं लावलेली दिसली. जावई म्हणाले, ही पर्यावरणपूरक इमारत आहे, प्लॅटिनम दर्जाची. वाळवंटात छतावर घालायला पाणी येतं कुठून? आणि आमच्या अकोल्यात असं काही करायचं झालं तर काय उचलावं?
— एक वाचक, अकोला

उत्तर : काका, तुम्ही माझ्या जुन्या गावालाच जाऊन आलात. मी टेंपीच्या विद्यापीठात वास्तुकला शिकले आणि हे केंद्र माझ्या रोजच्या वाटेवर होतं. टेकडीच्या पायथ्याशी, वर ते मोठं 'ए' अक्षर दिसतं ना, तिथेच. २००८ मध्ये ते बांधून झालं आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरला शेजारून लाइट रेल, म्हणजे शहरातली हलकी विजेची रेल्वे, धावू लागली. आराखडा टेंपीच्याच आर्किटेक्टन या संस्थेने ओटाक या कंपनीबरोबर केला. प्लॅटिनम ही 'लीड' या पर्यावरणपूरक इमारतींच्या अमेरिकी मानांकनाची सर्वात वरची पायरी. जावयांचं बरोबर आहे.

आता पाणी. तिथे वर्षाला जेमतेम १८-२० सेंटिमीटर पाऊस पडतो. थोडा हिवाळ्यात, थोडा जुलै ते सप्टेंबरच्या वादळांत. नुसत्या त्यावर काही भागत नाही. म्हणून पावसाच्या पाण्याबरोबर इमारतीतलं बेसिनचं, अंघोळीचं सांडपाणीही जमिनीखालच्या टाकीत घेऊन झाडांना देण्याची योजना केली. पाऊस येवो न येवो, माणसं हात धुतातच! शिवाय झाडं वाळवंटी, थोडक्या मातीत तग धरणारी. अकोल्याला पाऊस त्याच्या कितीतरी पट पडतो, पण चार महिन्यांत येऊन जातो. पुढचे आठ महिने पुरवायचे तर टाकी केवढी लागेल याचा हिशेब तुम्हीच करा. म्हणजे अकोल्यातही सांडपाणीच जास्त भरवशाचं.

पण खरं सांगू? ते हिरवं छत मी शेवटी उचलेन. छताची माती खालच्या खोलीला गारवा देते. तुमच्यासारखा माणूस उभा असतो बाहेर, फलाटावर. त्याला छळतं ते नुसतं हवेचं तापमान नाही. डोक्यावर ऊन, पायाखालून डांबराची धग, बाजूच्या तापलेल्या भिंतीची झळ, हे सगळं अंगावर येतं. टेंपीच्या विद्यापीठातल्या संशोधकांकडे यासाठी 'मार्टी' नावाची हातगाडी आहे. ती सहाही दिशांनी अंगावर येणारी उष्णता मोजते. त्यांच्या मोजणीत दुपारच्या वेळी सर्वात उपयोगी ठरली ती इमारतींची भरीव सावली, मग झाडांची, आणि कापड किंवा पत्र्याच्या हलक्या मांडवांची त्यानंतर. आपल्याकडे थांबा म्हटलं की आधी पत्राच आठवतो, म्हणून हे मुद्दाम सांगते.

मी एकदा जूनमध्ये, या केंद्रापासून दूरच्या एका साध्या थांब्यावर, धातूच्या बाकावर विचार न करता बसले आणि तशीच उठले. तिथले नेहमीचे प्रवासी बाकावर बसतच नसत. पाटीच्या खांबाच्या चार बोटं रुंद सावलीत एकामागे एक रांगेत उभे राहत. परक्या माणसाला वाटावं, काय ही शिस्त! २०२३ मध्ये शेजारच्या फीनिक्समध्ये पारा सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ अंशांच्या वर गेला होता. तेव्हा त्या खांबाची मला फार आठवण झाली.

केंद्राचं मला आवडतं ते हे, की बस आणि रेल्वे एकमेकींच्या अंगणात आहेत. उन्हातली पायपीट तेवढी वाचते. सायकलवाल्यांसाठी सायकल ठेवायची, दुरुस्तीची, वर अंघोळीचीही सोय आराखड्यातच होती. पण पुढची बस अर्ध्या तासाने असेल तर प्लॅटिनमची पाटी काय कामाची? वेळापत्रक सांभाळण्यात तुमची हयात गेली, तुम्हाला मी काय सांगणार.

एक गोष्ट मात्र आंधळेपणाने उचलू नका. टेंपी साधारण ३३ अंश अक्षांशावर आहे. तिथे सूर्य भर उन्हाळ्यातही दुपारी थोडा दक्षिणेलाच असतो, त्यामुळे दक्षिणेला छज्जे-पडद्या लावून बरंच काम होतं. अकोला २१ अंशांच्या आसपास. मे सरता सरता सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जूनमध्ये थोडा उत्तरेकडे झुकतो. दक्षिणेच्या छज्जाची सावली तेव्हा प्रवाशाच्या काय कामाची! तुमचा खरा वैरी दुपारी तीननंतरचा, पश्चिमेचा आणि वायव्येचा. तिकडे जाड भिंत घ्या, कंट्रोल केबिन आणि पार्सलची खोली त्याच बाजूला टाका, आणि फलाट त्यांच्या पूर्वेला. जागा उरली तर कडुनिंब. कूलरचा मोह असेल तर तुम्हाला माहीतच आहे, मे महिन्यात तो राजा आणि जुलैत नुसती चिकचिक. अॅरिझोनातही पावसाळी हवा आली की त्याची हीच गत होते.

पुढच्या खेपेला लेकीकडे गेलात की दुपारी चारला त्या केंद्रावर जा आणि लोक नेमके कुठे उभे आहेत ते बघून मला कळवा. नियंत्रकाची नजर आहे तुमची, माझ्या नकाशांपेक्षा त्यातून जास्त कळेल.