दोन अभयारण्यांच्या मधल्या गावांत

प्रिय मुली,

तुझ्या मेलमधली नाराजी लपत नव्हती. वाघावर काम करायचं म्हणून एमएस्सी केलीस, चांदोलीच्या ट्रॅप कॅमेऱ्यांच्या टीममध्ये नाव लागेल अशी आशा होती, आणि वाट्याला आली विशाळगड ते गगनबावडा या पट्ट्यातली गावं, तलाठ्याचं दप्तर आणि उसाचे फड. हे नाकारून वर्षभर थांबू का, असं विचारलंयस. थांबू नकोस, हे काम घे. का ते सविस्तर लिहितो, कारण फोनवर तू मला मध्येच तोडतेस.

आधी तुझा पट्टा नीट बघ. उत्तरेला कोयना आणि चांदोली. या दोन्हींचा मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, भोवतालचा बफर पट्टा धरून सुमारे ११६५ चौरस किलोमीटरचा. दक्षिणेला राधानगरी, म्हणजे दाजीपूरचं गव्यांचं रान, १९५८ पासूनचं. त्याच्या खाली आंबोली, तिलारी, मग गोव्यातली म्हादई, कर्नाटकातलं भीमगड आणि शेवटी काळी व्याघ्र प्रकल्प, ज्याला आमच्या पिढीची माणसं अजून दांडेली-अणशीच म्हणतात. उपग्रहाच्या चित्रात ही सलग हिरवी पट्टी दिसते. घाटमाथ्यावर उभं राहिलं की ती किती अरुंद आहे ते कळतं. गगनबावड्याच्या आसपास अशा जागा आहेत की कोकणाकडे तुटणाऱ्या कड्याचा झाडीचा उतार आणि माथ्यावरची थोडीशी झाडी, एवढंच रान उरलंय. त्याला लागून नाचणी आणि भात, आणि जरा पूर्वेला सरकलं की ऊस.

या पट्टीतून वाघ जातो याचा पुरावा आता शोधायला नको. एप्रिल २०२२ मध्ये राधानगरीत कॅमेऱ्यात आलेला नर डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत पुन्हा कॅमेऱ्यात आला. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिले, तर तोच. मधला प्रवास त्याने तुझ्या याच गावांच्या शिवारातून केला असणार, आणि तो कधी, कुठून गेला याचा कुणाला पत्ता नाही. तुझं काम तिथे सुरू होतं.

यातली एक गोष्ट तुझ्या वर्गात शिकवली असेलच, पण तिचा अर्थ इथे लागतो. तरणा नर लांब जातो. वाघीण सहसा आईच्या हद्दीला लागूनच आपली हद्द धरते. त्यामुळे दक्षिणेकडून सह्याद्री प्रकल्पात आले ते नरच, आणि जोडीदारीण नाही म्हणून भटकत राहिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून वाघीण आणून चांदोलीत सोडली ती याच कारणासाठी. माझा त्याला विरोध नाही. उलट इतकी वर्षं रिकाम्या पडलेल्या रानात चितळ-सांबर वाढवायची मेहनत ज्यांनी घेतली त्यांना ते श्रेय मिळायलाच हवं. पण वाघीण गाडीतून आणता येते. तिची पिल्लं दीड-दोन वर्षांनी स्वतःची जागा शोधायला बाहेर पडतील, तेव्हा त्यांना लागणारी वाट कुठूनही आणता येणार नाही. ती वाट अमुक गट नंबरातून जाते, आणि तो गट कुणाच्या तरी नावावर आहे.

आता कायद्याचं थोडंसं. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव क्षेत्राची तरतूद आली, कलम ३६अ. मुख्यतः अभयारण्यांना लागून असलेल्या किंवा दोन अभयारण्यांना जोडणाऱ्या जमिनींसाठी ती आहे. लोकांचे हक्क त्यात संपत नाहीत आणि व्यवस्थापनाच्या समितीवर प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी बसतो. आपल्याकडे २०२० साली तिलारीचं क्षेत्र जाहीर झालं, पाठोपाठ विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड, आंबोली-दोडामार्ग. चांगलं झालं. पण ३६अ फक्त सरकारी मालकीच्या जमिनीला लागू होतं. मधे मधे जे मालकी रान आहे ते त्याच्या बाहेरच राहतं. खाजगी जमिनीसाठी ३६क आहे, सामुदायिक राखीव क्षेत्र, पण तिथे मालकाने स्वतःहून पुढे यावं लागतं. तो तसा येत नाही, कारण त्याच्या दारात जाऊन कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून सातबारा वाचायला शिक. हसू नकोस. एखादा उतारा समोर घे आणि वरून खाली बोट फिरवत जा. खातेदारांच्या रकान्यात आजोबांच्या नावाखाली वारसांची रांग असते; निम्मे मुंबईत, काही इचलकरंजीत, दोघं-तिघं वारलेले पण नावं कमी व्हायची राहिलेली. इतर हक्कांत सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुठे कुळाचं नाव. आणि क्षेत्राच्या रकान्यात लागवडीखालच्या जमिनीच्या खाली एक ओळ: पोटखराबा, म्हणजे लागवडीलायक न धरलेलं क्षेत्र. मालकी रान बऱ्याचदा या एका ओळीत असतं. जिथे जांभूळ, अंजन, हिरडा दाटीने उभे आहेत, शेकरूचं घरटं आहे, भेकर दुपारी सावलीला बसतं, ती जागा महसुलाच्या लेखी खराबा. ज्याला त्यातून दमडी मिळत नाही त्या खातेदाराकडे एखादा एजंट फार्महाऊससाठी गिऱ्हाईक घेऊन आला, तर त्याने काय करावं असं तुला वाटतं? याचं उत्तर लगेच देऊ नकोस. गावात चार महिने राहा, मग दे.

विक्रीपेक्षाही मला त्यानंतरच्या जाळीच्या कुंपणाची धास्ती आहे. पन्नास एकर जमीन विकली जाऊन तशीच पडून राहिली तर जनावराला फरक पडत नाही. पण अरुंद जागी कड्यापासून रस्त्यापर्यंत दोनशे मीटर जाळी ताणली की गव्याच्या कळपाला उसात उतरण्याशिवाय पर्याय नाही. खाली दोडामार्गात हेच रबर आणि अननसाच्या लागवडीने झालं. तिथली तोड इतकी वाढली की २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाला सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीवर बंदी घालावी लागली. आणि आंबोली, चौकूळ, गेळे इथल्या कबुलायतदार गावकर जमिनींचं प्रकरण तर स्वतंत्र पत्राचा विषय आहे. संस्थानकाळापासून गावाने सामाईक राखलेली जमीन सरकारच्या नावे लागली, आणि तिचं वाटप कसं करायचं यावर वर्षानुवर्षं घोळ. ऐन वाटेवरची ती जमीन तुकड्यांनी वाटली जाणार की गावाने एकत्र राखायची, यावर आंबोलीच्या रानाचं पुढचं भवितव्य ठरेल, आणि त्या चर्चेत रान अभ्यासणारी माणसं मला फारशी दिसलेली नाहीत. हीच माणसं बेडकांच्या फोटोला मात्र पावसाळ्यात झुंडीने येतात. असो.

दुसरं, घाटरस्ते. कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली, तिलारी, चोर्ला. उत्तर-दक्षिण चालणाऱ्या जनावराला हा प्रत्येक रस्ता आडवा येतो. रस्ता अरुंद, वळणावळणाचा असतो तोवर निभावतं. रात्री दोन गाड्यांच्या मधे जनावर पार होतं. रुंदीकरण आलं की डोंगराकडून उभा काटलेला कडा आणि दरीच्या बाजूने काँक्रीटची संरक्षक भिंत येते. गवा तिथे वर चढू शकत नाही आणि खाली उडी मारू शकत नाही, तो रस्त्यावरूनच पळत सुटतो.

यावर उपाय आहेत आणि ते आपल्याच राज्यात झालेत. नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर पेंचच्या रानात जनावरांसाठी रस्त्याखालून वाटा सोडल्या आहेत; सगळ्यात लांब ७५० मीटरची. कॅमेरे लावल्यावर वाघासकट नाना तऱ्हेची जनावरं त्यातून जाताना दिसली. ते सहज मिळालं नाही, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण पेंचची जमीन सपाट आहे. आपल्या घाटात ७५० मीटरचा पूल कुणी बांधणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्याकडे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी काढून देणाऱ्या मोऱ्या आहेत. ओढ्यावरची प्रत्येक मोरी बघ. तोंडाशी बारीक माती पसरून ठेव आणि पहाटे गाड्या सुरू व्हायच्या आत जा. साळिंदराच्या ओढत गेलेल्या काट्यांच्या रेघा, उदमांजराचे गोल ठसे, कधी भेकराचे खूर. नळकांड्याची मोरी असेल तर बहुतेक काही नाही. त्याच ओढ्यावर दगडी कमानीची जुनी, माणूस वाकून जाईल एवढी मोरी असेल तर मातीवर गर्दी. हा फरक फोटोसकट, किलोमीटरच्या दगडाच्या नोंदीसकट लिहून ठेव. रुंदीकरणाच्या अंदाजपत्रकात पाइपाऐवजी चौकोनी मोरी घालणं उपअभियंत्याला अवघड नसतं, पण अंदाजपत्रक मंजूर व्हायच्या आधी त्याच्या टेबलावर कागद पोचला पाहिजे. नंतर गेलीस तर तो चहा पाजेल आणि वाटेला लावेल.

तिसरं आणि सगळ्यात नाजूक. गावात गेल्यावर जनावरांच्या या वाटेला कॉरिडॉर म्हणू नकोस. चांदोलीच्या धरणाने आणि नंतर उद्यानाने उठवलेली गावं या लोकांच्या सोयरिकीतली आहेत. कोयनेचे धरणग्रस्त तर तिसऱ्या पिढीतही पुनर्वसनासाठी मोर्चे काढतायत. कॉरिडॉर म्हटलं की लोकांना आपण उठणार एवढंच ऐकू येतं, आणि त्यांचं चुकत नाही. तू गव्याबद्दल विचार. नाचणी कधी खाल्ली, कुठल्या बाजूने शिरला, पंचनामा कोण करून गेलं, पैसे आले का, किती आले. हे विचारताना बाप्यांच्या बैठकीतून उठून मागच्या दारी जा. राखणीला रात्र जागतो तो पुरुष, पण कुठला कळप कुठल्या नाल्याने येतो हे पहाटे शेणाला आणि जळणाला जाणाऱ्या बायकांना जास्त नेमकं ठाऊक असतं. तुझा नकाशा त्या बोलण्यातून आपोआप तयार होईल, आणि ज्या घराची भरपाई अडलीय त्याचा अर्ज तू वनखात्याच्या रेंज ऑफिसात पोचवलास तर पुढच्या वेळी तुला मोरी दाखवायला पोरं स्वतःहून येतील.

भरपाईला कमी लेखू नकोस. जानेवारी २०२० मध्ये गोव्यात म्हादईच्या रानात, सत्तरीतल्या गोळावलीजवळ, एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विषाने मेली. वाघांनी गुरं मारली होती, आणि मेलेल्या गुरात विष घातलं गेलं. गरिबाची दुभती म्हैस जाते तेव्हा त्याचं घर मोडतं, आणि सरकारी मदत वेळेत येईल यावर त्याचा विश्वास नसतो. त्या घटनेनंतर म्हादईला व्याघ्र प्रकल्प करावा ही मागणी जोर धरू लागली, २०२३ च्या जुलैत उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तसा आदेशही दिला, आणि गोवा सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. मला तो प्रकल्प व्हायला हवा असं वाटतं. पण प्रकल्प झाला तरी मेलेल्या गुराचा पंचनामा त्याच दिवशी होतो की आठवड्याने, यावर तिथल्या वाघाचं जगणं न जगणं ठरेल. तुझ्या पट्ट्यातही तेच, आणि अजून दक्षिणेला चंदगड-दोडामार्गात हत्तींच्या बाबतीतही तेच. ते २००२ च्या सुमारास कर्नाटकातून उतरले; माड-केळीची बाग एका रात्रीत आडवी झालेल्या बागायतदाराला हत्ती पूज्य वगैरे सांगून बघ.

एक व्यवहाराचं. तुझ्या मार्गदर्शकांना पेपर हवा असेल, तो द्यायला हवाच. पण पेपरच्या सोबत प्रत्येक गावासाठी मराठीत दोन पानं कर. कुठल्या गटांतून जनावरं जातात, कुठली मोरी, कुठला पाणवठा, एवढंच. कुणाच्या पोटखराब्यात वाघ दिसला हे मात्र गट नंबरासकट जाहीर करू नकोस; त्याने मालकाची झोप उडते आणि शिकाऱ्याची सोय होते. वणव्याची नोंद वेगळी ठेव. फेब्रुवारी ते एप्रिल सडे, म्हणजे माथ्यावरची खडकाळ पठारं, पेटतात, बरेचदा गवत चांगलं यावं म्हणून लावलेली आग वारा रानात नेतो. विशाळगडाकडच्या सड्यांवर बॉक्साइटच्या जुन्या खाणी आहेत, तिथे काय उगवलंय आणि काय नाही तेही बघून ठेव. पवनचक्क्यांच्या रस्त्यांबद्दल भेटीत बोलू, लिहायला बसलो तर माझा तोल जातो.

ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे. तू त्याच्या किमान पंधरा दिवस आधी गावात पोच, म्हणजे सभेत तुझा चेहरा अनोळखी नसेल. तोवर पाऊस असतो. गमबूट घे, जळवांसाठी तंबाखू-मिठाची पुरचुंडी घे, आणि महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून पहिल्या तीन गावांचे उतारे काढून ठेव. तिथे रेंज येत नाही, त्यामुळे कागदावरच. गटांची यादी झाली की मला पाठव. बांधकाम विभागाच्या कार्यालयात कुणाला आधी भेटायचं ते मी विचारून ठेवतो.

तुझा,
सर

ता. क. – सरपंचबाईंना माझा नमस्कार सांग आणि मुक्कामाचे पैसे त्या नको म्हणाल्या तरी दे.