चिपवरचा लेसर वीज कुठे वाचवतो?

प्रश्न : प्रकाशाने गणित करणाऱ्या चिपला लेसर बाहेरून फायबरने न जोडता चिपवरच बसवला, तर वीज खरंच वाचते का? मग सिलिकॉनचाच लेसर का करत नाहीत?

उत्तर : आधी दुसरा प्रश्न. सिलिकॉनला वीज दिली तरी तिची बहुतेक उष्णताच होते, प्रकाश नावापुरता निघतो. म्हणून त्यावर इंडियम फॉस्फाइड या विजेवर चांगला प्रकाश देणाऱ्या अर्धवाहकाचा थर चिकटवतात. असा विजेवर चालणारा लेसर इंटेल आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ, सांता बार्बरा यांनी 2006 मध्ये दाखवला. दोन्ही पृष्ठभागांवर ऑक्सिजन प्लाझ्मा फिरवून सुमारे 300 अंश सेल्सिअसला ते दाबून ठेवतात. त्यात हायड्रोजन सुटतो. त्याला वाट मिळाली नाही तर थराखाली फुगे धरतात, म्हणून सिलिकॉनमध्ये बारीक छिद्रं आधीच कोरतात.

आता विजेचा हिशेब. वेव्हगाइडमध्ये (चिपवरच्या प्रकाशाच्या वाटेत) 10 मिलिवॅट प्रकाश हवा आणि लेसर विजेच्या 15 टक्के प्रकाश देतो, असं धरू. फायबरच्या सांध्यात 3 डेसिबल, म्हणजे निम्मा प्रकाश गेला, तर 133 मिलिवॅट वीज लागते. चिपवरच्या सांध्यात अर्धाच डेसिबल गेला तर 75 पुरते.

बचत आहे, पण मोठा खर्च दुसरीकडेच होतो. एमआयटीच्या 2017 च्या चिपवर 56 इंटरफेरोमीटर होते, म्हणजे प्रकाश दोन वाटांनी नेऊन पुन्हा मिसळणारे, गणित करणारे भाग. प्रत्येकाला वाट तापवून प्रकाश जुळवणारे दोन हीटर आणि हीटरला सरासरी 10 मिलिवॅट धरले, तरी 1.1 वॅट होतात! इंटरफेरोमीटरचं हे जाळं मोठं केलं की प्रकाशही घटतो: ओळीने 64 टप्पे आणि दर टप्प्याला 0.2 डेसिबल, म्हणजे शेवटी एकोणिसावा भाग उरतो. तेवढ्या पटीने लेसर वाढवावा लागतो. त्यामुळे आधी टप्प्यातली गळती कमी करा, लेसर नंतर.

प्रश्न : लेसर जवळ आणल्यावर शेजारची रिंग का बिघडते?

उत्तर : उष्णतेमुळे. रिंग म्हणजे ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश पकडणारं गोल वेव्हगाइड. लेसरखाली दोन-तीन मायक्रॉन सिलिकॉनचं ऑक्साइड असतं. ते सिलिकॉनच्या जेमतेम शंभराव्या भागाइतकी उष्णता वाहून नेतं. लेसर तापला की तो पेटायला जास्त प्रवाह लागतो आणि त्याने तो आणखी तापतो. रिंगची तरंगलांबी दर अंशाला सुमारे 0.08 नॅनोमीटर सरकते. 1550 नॅनोमीटरला रिंगचा गुणांक (Q, म्हणजे ती किती नेमकी तरंगलांबी पकडते ते) 10,000 असेल तर तिच्या रेषेची, म्हणजे पकडीत येणाऱ्या पट्ट्याची, रुंदीच 0.155 नॅनोमीटर, म्हणजे दोन अंशांत रिंग रेषेबाहेर. ऑक्साइड कोरून खालच्या सिलिकॉनपर्यंत धातूची वाट काढा आणि रिंग लेसरपासून लांब ठेवा.