राजापूरचा खासदार कुठे गेला?

प्रश्न : इलेक्शन आलं की आमचे आजोबा अजून 'राजापूर मतदारसंघ'च म्हणतात. मी यादीत बघतो तर रत्नागिरी-सिंधुदुर्ग. तसं सांगितलं तर म्हणतात, "मगे राजापूर खंय गेलो?" यावर काय बोलायचं मला कळत नाही. नाथ पै आणि दंडवते याच मतदारसंघातून निवडून यायचे ना?
– एक वाचक, देवगड

उत्तर : आजोबा बरोबर आहेत, फक्त नाव बदलल्याचं त्यांनी मनावर घेतलेलं नाही एवढंच. राजापूर हा लोकसभेचा मतदारसंघ १९५७ च्या निवडणुकीपासून होता आणि तिथलं शेवटचं मतदान २००४ साली झालं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत रत्नागिरी जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग होते, त्यातल्या दक्षिणेकडच्या भागाचं पुढे राजापूर झालं. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हताच, सावंतवाडीपर्यंत सगळं रत्नागिरीच. १ मे १९८१ ला जिल्हा वेगळा झाला आणि गंमत अशी झाली की मतदारसंघाचं नाव ज्या गावावरून होतं ते राहिलं रत्नागिरीत, आणि बरेचसे मतदार गेले सिंधुदुर्गात. राजापूर रोड स्टेशनला उतरून राजापूर शोधणाऱ्या पाहुण्यासारखीच गत, पाटीवर नाव आहे पण गाव भलतीकडे.

नाथ पै मूळचे वेंगुर्ल्याचे. बॅरिस्टर. १९५७ ला प्रजासमाजवादी पक्षाकडून उभे राहिले, वारं संयुक्त महाराष्ट्राचं होतं, झोपडी ही निशाणी, आणि निवडून आले. पण नुसत्या वाऱ्यावर आले म्हणावं तर १९६२ ला ते वारं पडलेलं होतं, महाराष्ट्र मिळून गेला होता, राज्यात सगळीकडे काँग्रेस, तरी राजापूरने त्यांनाच पाठवलं आणि १९६७ ला परत एकदा. गोवामुक्ती, बेळगावचा सीमाप्रश्न हे त्यांचे विषय सगळ्यांना माहीत असतात. कमी बोललं जातं ते त्यांच्या १९६७ च्या खासगी विधेयकाबद्दल. गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही, त्यावर नाथ पैंनी विधेयक आणलं की घटनेतला कुठलाही भाग दुरुस्त करायचा अधिकार संसदेला असायला हवा. विरोधी पक्षातल्या एका खासदाराच्या विधेयकावर देशभर वाद झाला. ते काही मंजूर झालं नाही, पण १९७१ मधे इंदिरा गांधींच्या सरकारने २४ वी घटनादुरुस्ती केली ती साधारण त्याच मुद्द्यावर. रस्ता नाही, रेल्वे नाही, मुंबईला जायचं तर बोट नाहीतर घाटातून हाडं खिळखिळी करणारी एस्टी, अशा भागाचा खासदार दिल्लीत घटनेवर वाद घालतोय आणि लोकांना त्याचं कौतुक आहे, हे मला तरी फार भारी वाटतं. आत्ता कुठला उमेदवार प्रचारात असला विषय काढेल?

१८ जानेवारी १९७१ ला बेळगावात ते गेले, वय जेमतेम ४८. लोकसभा आधीच बरखास्त झालेली, निवडणूक तोंडावर. तिथे पक्षाने मधु दंडवत्यांना उभं केलं. दंडवते अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवणारे, म्हणजे कोकणच्या भाषेत घाटावरचेच, आणि समोर इंदिरा गांधींची लाट. तरी निवडून आले. आणि मग १९७७, १९८०, १९८४, १९८९, एकूण पाच वेळा. यातलं १९८४ खास. इंदिराजींच्या हत्येनंतरची निवडणूक, महाराष्ट्रात काँग्रेसने ४८ पैकी ४३ जागा घेतल्या, उरलेल्या पाचात राजापूर होतं. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते, बरोबर वाजपेयी आणि अडवाणी. सुटले ते थेट रेल्वेमंत्री. दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरला तेव्हा लाकडी फळी असायची, पाठ धरायची रात्रभर, त्यावर दोन इंच फोम आला तो दंडवत्यांच्या काळात. आता मजा बघा, देशाच्या गाद्या बदलणाऱ्या मंत्र्याच्या स्वतःच्या मतदारसंघात रूळ नव्हता. कोकण रेल्वेचा पाठपुरावा ते वर्षानुवर्षं करत राहिले, पण महामंडळ झालं १९९० ला, ते अर्थमंत्री होते आणि रेल्वे खातं जॉर्ज फर्नांडिसांकडे होतं तेव्हा. आणि १९९१ ला ते हरले! काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले, लष्करातून आलेले. रोह्यापासून मंगळूरपर्यंत गाडी पूर्ण धावायला लागली १९९८ ला, तोवर दंडवते माजी खासदार होऊन सात वर्षं झाली होती. कोकणी माणूस उपकार विसरला असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या, घरी येणारी मनीऑर्डर आटली, पोरांच्या गळ्यात भगवं उपरणं आलं, आणि समाजवादी पक्षाची शाखा म्हणजे गावातले दोन मास्तर एवढंच उरलं होतं, त्याला एकटे दंडवते किती पुरणार.

१९९६ पासून सुरेश प्रभू, धनुष्यबाणावर, २००४ पर्यंत सलग चार वेळा. सीए माणूस, भाषणात आकडे जास्त, पण वाजपेयींच्या सरकारात वीजमंत्री म्हणून नाव काढलं. पुढे २०१४ ला तेही रेल्वेमंत्री झाले, पण राज्यसभेच्या वाटेने, आणि तोवर राजापूर मतदारसंघ नकाशावरून गेलेला होता. सावंतांची पाच वर्षं सोडली तर पन्नास वर्षांत तीन माणसं. पक्ष कुठला याच्यापेक्षा दिल्लीत उभा राहून बोलेल का, हे बघून मत द्यायची इथे सवय होती, असं माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं.

प्रश्न : भावकीतले एक काका मे महिन्यात गावाला गेलो की ऐकवतात, "तुम्ही मुंबईक गेलात म्हणान आमचो खासदार गेलो." हे खरं आहे की नुसता टोमणा?
– एक चाकरमानी, डोंबिवली

उत्तर : टोमणा आहेच, पण हिशोबाने बघितलं तर काकांचं बरोबर बसतं.

२००२ च्या कायद्याने मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखणारा पुनर्रचना आयोग आला, अध्यक्ष न्या. कुलदीप सिंग. त्याआधीच्या सीमा १९७१ च्या शिरगणतीवर आखलेल्या होत्या, आता धरायची होती २००१ ची. राज्याच्या जागा मात्र वाढणार नव्हत्या, लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ तेवढ्याच. म्हणजे कुठे एक वाढली की दुसरीकडे एक जाणार. आता आकडे घ्या. २००१ ला महाराष्ट्र ९ कोटी ६९ लाखांच्या आसपास, भागिले २८८, म्हणजे एका आमदारामागे साधारण ३ लाख ३६ हजार माणसं. रत्नागिरी जिल्हा १७ लाखाला थोडा कमी, त्याला आले पाच आमदार. सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजार, त्याला तीन. झाले आठ. आणि एका खासदाराला लागतात सहा. आठातून सहा काढले, उरले दोन, दोनात अख्खा खासदार कुठून येणार?

मग त्या दोघांची, म्हणजे दापोली आणि गुहागरची, रवानगी झाली रायगडात. तिथे पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड हे चार होते, जुन्या कुलाबा मतदारसंघाचं नावही त्यात गेलं. रायगडचे उरलेले तीन, पनवेल, कर्जत, उरण, घाट चढून मावळात गेले, पिंपरी-चिंचवडच्या पंक्तीला. आणि चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या सहांचा झाला रत्नागिरी-सिंधुदुर्ग. आधी रत्नागिरीचा एक आणि राजापूरचा एक असे दोन खासदार होते, आता दोन्ही मिळून एक आणि वर रायगडच्या खासदारात वाटा. विधानसभेच्या यादीतून मालवण, देवगड, वेंगुर्ला, खेड, संगमेश्वर ही नावंही गेली, त्यावरून तेव्हा बऱ्याच पुढाऱ्यांची घरं उन्हात पडली.

आणि इकडून गेलेलं कुठे वाढलं? तुमच्या दारातच. अखंड ठाणे जिल्ह्यात तेव्हा ठाणे आणि डहाणू असे लोकसभेचे दोन मतदारसंघ होते, त्यांचे झाले चार : ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघर. आमदार १३ चे २४. डोंबिवली, बदलापूर, विरार, नालासोपाऱ्याच्या चाळीत आणि बिल्डिंगीत कोकणातली किती घरं आहेत हे तुम्हाला मी काय सांगणार. गणपतीला गावी येणारा माणूस शिरगणतीत मोजला जातो तो त्याच्या वन-रूम-किचनमधेच. त्यामुळे पुढारी काहीही म्हणोत, राजापूर कुणी कट करून घालवलं वगैरे मला वाटत नाही. घराला कुलूप लागलं, चावी शेजाऱ्यांकडे गेली, आणि कुलुपाला मत नसतं.

निकालावर मात्र परिणाम झालाच. २००९ ला नव्या मतदारसंघातली पहिली निवडणूक, प्रभू उभे होते आणि काँग्रेसच्या नीलेश राण्यांकडून हरले. अर्थात नारायण राणे २००५ मधेच शिवसेनेतून बाहेर पडले होते, सिंधुदुर्गातली अर्धी सेना त्यांच्याबरोबर गेलेली, तेव्हा सीमा नसत्या बदलल्या तरी प्रभूंना सोपं नव्हतं. पुढे २०१४ आणि २०१९ ला विनायक राऊत, २०२४ ला स्वतः नारायण राणे भाजपकडून.

प्रश्न : पुन्हा पुनर्रचना होणार म्हणतात. राजापूर परत मिळेल का?
– एक वाचक, लांजा

उत्तर : विधानसभेला राजापूर आहेच, तुमचं लांजा त्यातच येतं. लोकसभेचं म्हणाल तर घटनेप्रमाणे जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीपर्यंत गोठवलेली आहे. त्यानंतर देशातल्या एकूण जागा वाढल्या तर कोकणालाही काही मिळू शकेल. आहेत तेवढ्याच राहिल्या तर अवघड आहे, कारण २००१ ते २०११ मधे राज्याची लोकसंख्या वाढली पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची कमी झाली, सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांच्या खाली आला. पुढच्या शिरगणतीत काय येतंय त्यावर आहे सगळं.