जुनी गाडी ऑइल पिते? आधी मोजा, मग इंजिन उघडा

ऑइल कमी होतंय म्हटल्यावर मेकॅनिक थेट इंजिनकाम सांगेल. घाई करू नका. सपाट जागी गाडी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून पुन्हा घाला आणि पातळी बघा. किलोमीटरसकट वहीत लिहा. बऱ्याच गाड्यांत खालच्या खुणेपासून वरच्यापर्यंत साधारण एक लिटर बसतं. 1000 किलोमीटरला पाव लिटर लागलं, तर जुन्या इंजिनाला ते चालतं. एक लिटरच्या आसपास गेलं की कारण शोधायचं.

आधी गळती: इंजिनावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्ट. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग दिसतील. मग पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात साचणारा वायू इनटेकमध्ये (हवा आत ओढायच्या मार्गात) सोडणारी झडप. तो स्वस्त आहे, आणि तुंबला की ऑइल इनटेकमध्ये जातं. नेमका हाच तपासायचा राहून जातो!

आता धूर. ठाण्याजवळचा गायमुख घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडलेला असतो. खाली आल्यावर दाबताच निळा लोट आला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हवरून ऑइल सिलिंडरमध्ये उतरू न देणारं सील). सकाळच्या पहिल्या स्टार्टलाही तसंच. जोर देताना सतत निळा धूर असेल, तर बहुधा पिस्टन रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या). खात्रीसाठी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजा. कमी आलं तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला म्हणजे रिंगच. सील बऱ्याच इंजिनांत हेड (इंजिनाचा वरचा भाग) न उतरवता बदलता येतात, रिंगचं काम मोठं.

टॉपअप पाव-पाव लिटरनेच. वरच्या खुणेपलीकडे गेलं तर क्रँक (इंजिनात खाली फिरणारा दांडा) ते घुसळून फेस करतो. ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेल्यांपैकीच, त्यातला जाड चालेल.