कथेतल्या नायकाला टाइम मशीनने १४७८च्या इटलीतल्या फ्लॉरेन्सला पाठवायचं, तर तारीख कोणती टाकायची?

तिथल्या सत्ताधारी घराण्यातल्या जुलिआनो मेदिचीचा खून कॅथीड्रलमध्ये २६ एप्रिल १४७८ला झाला, पण ही ज्युलियन, म्हणजे तेव्हाच्या जुन्या कॅलेंडरची तारीख. कथेतलं यंत्र आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरवर चालत असेल तर ५ मे टाका. २६ एप्रिलच टाकलीत तर नायक ९ दिवस आधीच जाऊन बसेल.

फेब्रुवारीत उतरवलात तर वेगळाच घोळ: तिथे वर्ष २५ मार्चला बदलतं, म्हणजे लोक अजून १४७७च म्हणणार. आणि जवळच्या पिसात २५ मार्चनंतर थेट १४७९!

घड्याळ तर भलतंच. कॅथीड्रलमधल्या, चित्रकार उच्चेलोने रंगवलेल्या तबकडीवर २४ तास, काटा उलटा फिरणारा, मोजणी सूर्यास्तापासून. खुनाच्या त्या दिवसांत, सूर्यास्त सातच्या आसपास असताना, ‘दहा वाजता भेटू’ म्हणजे पहाटे पाचच्या सुमारास. लेखक इथे सहज फसू शकतो.